बारा फळ्यांचं शहर

आमच्या टाकोराडी बंदराच्या समुद्रात तेल सापडलं आणि घसरायला लागले किनाऱ्यावरचे लोक. ज्याला त्याला आमच्या गावाचं दुबई करायचं होतं. ट्रोट्रोत, म्हणजे आमच्या भाड्याच्या व्हॅनमध्ये, मांडीला मांडी लावून बसलेला माणूससुद्धा खिडकीतून गटाराकडे बघत म्हणायचा, "दहा वर्षं थांबा, इथं काचेच्या इमारती असतील." गटार तेव्हा कुठं गेलेलं असेल, हे कोणी सांगत नसे.

पा एबोला या बोलण्याचं नवल नव्हतं. परदेशातली शहरं हा त्याचा धंदाच होता. बंदराच्या रस्त्यावर त्याची लाकडी टपरी होती, 'पेशन्स फोटो' नावाची. पुढं स्टुडिओ, मागं पडद्याआड खाट, स्टोव्ह आणि एक ट्रंक. स्टुडिओच्या भिंतीवर गुंडाळ्या करून ठेवलेले रंगवलेले पडदे: लंडन, हॅम्बर्ग, न्यूयॉर्क, विमानाचा जिना. सगळे त्यानं स्वतः रंगवलेले, खलाशांनी आणून दिलेल्या जुन्या कॅलेंडरांवरून. गिऱ्हाईक यायचं, शर्टाची कॉलर नीट करायचं आणि म्हणायचं, "मला हॅम्बर्ग." मग हॅम्बर्गपुढं ऐटीत उभं राहून फोटो काढायचं आणि गावाकडं पाठवायचं. पा एबो स्वतः राजधानीच्या, आक्राच्या, पलीकडं कधी गेलेला नव्हता. आणि एकतीस वर्षांत टाकोराडी मागणारं गिऱ्हाईक त्याच्याकडं एकही आलं नव्हतं.

एका सोमवारी सकाळी तो उठून बाहेर आला, तर दारावर लाल रंगात हातभर अक्षरं: हटवा. सात दिवस.

"पा एबो, तुमच्या टपरीला लिपस्टिक लागलीय," शेजारच्या टपरीतून अराबा म्हणाली.

"तुझ्याही लागलीय."

"माझ्या वयाला शोभते."

अराबा केंकी विकायची. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे कणसाच्या सालीत गुंडाळून उकडायची, सोबत तळलेला मासा आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरचीची चटणी. नऊ वर्षांपूर्वी पा एबोची बायको गेली, त्या दिवसापासून त्याचं जेवण अराबाच्या भांड्यातूनच येत होतं. ती थट्टा करायची, पण त्या सकाळी तिचा हात कालथ्यावर नुसताच पडून होता. लाल अक्षरं सगळ्या ओळीवर होती. तिच्या टपरीवर, शिंप्याच्या टपरीवर, सायकलवाल्याच्या टपरीवर आणि मागच्या चाळीस घरांवर. बंदराचा रस्ता परदेशासारखा दिसायला हवा म्हणून एक सुशोभीकरण समिती नेमली होती, आणि समितीनं सुरुवात झाडूनं न करता ब्रशानं केली होती.

पा एबो चौसष्ट वर्षांचा होता, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. टपरी गेली म्हणजे धंदा गेला आणि छप्परही गेलं. मग उरलं काय, तर बहिणीचं खेडं. तिथं फोटो कोणाला नको होता, आणि तिच्या अंगणात आधीच दोन म्हातारे दिवसभर माश्या हाकत बसलेले असत. तिसरं स्टूल आपलं. त्याला मरणाची एवढी भीती वाटत नव्हती, जेवढी त्या स्टुलाची.

मंगळवारी तो समितीच्या कचेरीत दिवसभर बसून परत आला. बुधवारी त्याला आत बोलावलं.

समितीचे साहेब मिस्टर अमिसा नुकतेच सिंगापूर आणि दुबई बघून आलेले होते. सरकारी खर्चानं शहरं बघायची आणि परत येऊन आपल्या शहराला नाकं मुरडायची, असा तो अभ्यासदौरा होता. माणूस मात्र हसतमुख.

"पा एबो! अहो, माझा पहिला पासपोर्टचा फोटो तुम्हीच काढलात. आणि एक लंडनपुढं उभा करून."

"आठवतंय, साहेब," पा एबो म्हणाला. त्याला अजिबात आठवत नव्हतं.

"त्या लंडनात तुम्ही बस हिरवी रंगवली होती. मी पहिल्यांदा लंडनला उतरलो आणि हिरवी बस शोधत राहिलो. मित्र हसले मला."

"तेव्हा लाल रंग संपला होता, साहेब."

आता तो तुमच्याकडं भरपूर आहे, असं पा एबोच्या तोंडावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. साहेबांनी मोबाइल पुढं केला आणि बोटानं एकेक फोटो सरकवू लागले. काचेचे मनोरे, रस्त्याकडेला शिस्तीत उभी झाडं.

"यात टपरी दिसते का एक तरी?"

"नाही, साहेब."

"जमिनीवर कागदाचा कपटा?"

"नाही, साहेब. माणसंही दिसत नाहीत."

"ती आत असतात. गारव्यात."

"मग जेवायला बाहेर येत असतील."

"पा एबो," साहेब उसासा टाकून म्हणाले, "जगात कुठंही जा, लोक शहराबद्दल विचारतात तेव्हा उंची विचारतात, उजेड विचारतात. आपणच असे, की जेवण विचारतो. म्हणून मागं राहिलो."

पा एबोनं खाली वाकून चपला काढल्या. आमच्याकडं प्रमुखापुढं गाऱ्हाणं मांडताना माणूस अनवाणी होतो. कचेरीत असं कोणी करत नाही. साहेब एकदम ओशाळले.

"चपला घाला हो. घाला आधी."

"साहेब, मला दुसरी जागा नाही. मी तिथंच झोपतो. मला नका हलवू."

साहेबांनी एक कागद पुढं ओढला. रविवारी दुपारी तेल कंपन्यांचे परदेशी पाहुणे समुद्रावरच्या हॉटेलातून बंदराकडं जाणार होते, याच रस्त्यानं. टपऱ्या आणि मागची घरं सोमवारपर्यंत पडणार नव्हती. तेव्हा रविवारी ती दिसता कामा नयेत. प्लायवुडच्या बारा फळ्या, प्रत्येक दोन पुरुष उंच, रस्त्याच्या कडेनं उभ्या करायच्या, आणि त्यांच्यावर चित्रं.

"कसली चित्रं, साहेब?"

"आपलं शहर. दहा वर्षांनंतरचं."

"ते कसं दिसतं?"

"असं," साहेब म्हणाले आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा उभ्या राहिल्या, तर तुमची टपरी राहील. एकट्याची. हे घ्या, लिहूनच देतो."

त्यांनी खरंच लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. पा एबोनं कागदाची घडी खिशात ठेवली. आणि मग तो उभाच राहिला. त्याला विचारायचं होतं, साहेब, शेजारची केंकीवाली? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण दोघांचं मागावं आणि एकाचंही जावं, अशी भीती वाटली. तो "येतो साहेब" म्हणाला आणि बाहेर पडला. सबंध रस्ताभर तो स्वतःला सांगत होता की उद्या विचारू. तो उद्या काही उजाडला नाही.

गुरुवारी पहाटेपासून मोकळ्या मैदानात फळ्या आडव्या टाकून त्यानं कामाला हात घातला. अराबा कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"किती उंच म्हणालात?"

"दोन पुरुष."

"म्हणजे मी तर नाहीच दिसणार. चुलीचा धूर तेवढा दिसेल. त्याचे ढग करा हो, नाहीतर पाहुण्यांना वाटेल तुमच्या दुबईला आग लागली."

"अराबा, मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल."

"दुसऱ्यानं केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तुम्हाला काय देऊ? केंकी?"

दुपारी तिनं केंकी पाठवली. सोबत मासा नव्हता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पा एबोनं ती कोरडी केंकी चटणीशी खाल्ली आणि तो पुन्हा ब्रश घेऊन बसला. आज थांबलो तर टपरी जाईल, एवढंच डोक्यात होतं. कागद खिशात आहे ना, हे तो दर थोड्या वेळानं रंगाच्या हातानंच चाचपत होता.

अराबाचा भाऊ क्वामेना संध्याकाळी आला. त्यानं चाळीस वर्षं बोटीवर काढली होती, पृथ्वीला चार-पाच वेळा वळसा घातला होता. त्यानं तिसऱ्या फळीपुढं उभं राहून मान हलवली.

"हा पूल रॉटरडॅमचा. मी ओळखला. पण याच्याखाली माणसं झोपतात, ती कुठायत?"

"कॅलेंडरवर नव्हती."

"कॅलेंडरवाला पुलावर उभा राहून फोटो काढतो ना, त्याला खालचं कसं दिसणार? आणि हे तुझं हॅम्बर्ग. इथं पहाटे धक्क्यावर गेलास तर नाक दाबावं लागतं. आपल्यासारखाच मासळीचा वास. मला तर तिथं गेल्यावर घरी आल्यासारखं वाटायचं."

"मग लोक कशाला मरतात तिथं जायला?"

"दुरून डोंगर साजरे, दुसरं काय," क्वामेना म्हणाला. "त्यांचे खलाशी आपल्याकडं उतरतात आणि ताडाच्या झाडांचे फोटो काढत सुटतात. गटाराचा एकानंही काढला नाही."

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बाराही फळ्या रस्त्याच्या कडेनं उभ्या राहिल्या. पा एबोनं आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नव्हतं. आकाशाला भिडणारे मनोरे, पूल, कारंजी, पांढऱ्या दगडी पायऱ्या, वर चढत गेलेले रुंद रस्ते. त्यामागं शिंपी, सायकलवाला, अराबा, चाळीस घरं, सगळं गडप झालं. अमिसासाहेब गाडीतून उतरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

"एकही माणूस नाही," ते खूश होऊन म्हणाले. "किती स्वच्छ वाटतं."

पा एबोनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खरंच नव्हता. त्याच्या चित्रात माणूस कधीच नसायचा. एकतीस वर्षांची सवय. पण त्यावर विचार करण्याएवढं त्राण अंगात नव्हतं. तो टपरीत जाऊन आडवा झाला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याला झोप लागली.

शनिवार उजाडला. शनिवार म्हणजे आमच्याकडं मयताचा दिवस, आणि मयताला आमच्याइतकं नटून कोणी जात नसेल. लाल-काळ्या कापडात बायका, खांद्यावरून काळं वस्त्र टाकलेले पुरुष, घोळक्याघोळक्यानं रस्त्यानं निघाले. पहिला घोळका फळ्यांपुढं आला आणि थांबला.

एक ठसठशीत बाई पांढऱ्या पायऱ्यांपुढं जाऊन उभी राहिली. तिथं बरोब्बर तिच्या मापाची जागा होती. "अगो, हिला बघा, परदेशात पोचली," मागून कोणीतरी म्हणालं. मग तिची बहीण. मग नवरा. मग सगळं कुटुंब. कोणीतरी पा एबोला हाक मारली, आणि तो कॅमेरा घेऊन धावत आला. दुपारपर्यंत फळ्यांपुढं माणूस मावेना. मयतावरून परतणारे, मयताला निघालेले, ट्रोट्रो थांबवून उतरलेले. दुबईपुढं रांग, न्यूयॉर्कपुढं रांग. उभं राहून दमलेल्यांना भूक लागली, तेव्हा लोक फळ्यांच्या कडेनं मागं शिरून अराबाच्या टपरीवर तुटून पडले. "या परदेशाच्या मागं जेवण चांगलं मिळतं," असं एक जण म्हणाला आणि ते वाक्य रांगेतून पुढं गेलं. अराबाला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. पा एबो हसत होता. दहा वर्षांत एवढी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली नव्हती.

चारच्या सुमाराला उद्याची रंगीत तालीम म्हणून समितीच्या गाड्या निघाल्या, आणि फळ्यांपाशी येऊन अडकल्या. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. झाकायला म्हणून उभी केलेली भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसांनीच झाकली होती.

अमिसासाहेब उतरले. कपाळावर घाम. ते गर्दीतून वाट काढत एका फळीपुढं गेले, मग दुसरीपुढं, मग तिसरीपुढं. मग त्यांनी पा एबोला बोलावलं.

"प्रत्येक चित्रात खाली मध्यभागी जागा मोकळी का सोडलीत?"

"तिथं गिऱ्हाईक उभं राहतं, साहेब."

पा एबोला स्वतःलाही हे बोलल्यावरच कळलं. पडदा रंगवायचा म्हणजे मधली जागा राखायची, सगळे रस्ते, सगळ्या पायऱ्या त्या जागेकडं आणून सोडायच्या, म्हणजे येणारा माणूस शहराचा मालक दिसतो. हे त्याला हातानं येत होतं, डोक्यापर्यंत कधी गेलंच नव्हतं. माणसं लपवायच्या भिंतीवर त्यानं बारा माणसांसाठी बारा जागा राखल्या होत्या.

"उद्या दुपारी बारापर्यंत त्या जागा भरा," साहेब म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, आणि पा एबोला त्याचीच जास्त धास्ती वाटली. "कुंपण काढा, काटेरी फुलझाडं काढा, काय वाटेल ते. तिथं माणूस उभा राहिलेला चांगला दिसता कामा नये. नाहीतर तो कागद मला परत द्या."

"भरतो, साहेब."

"एकही सोडू नका."

"नाही सोडत, साहेब."

रविवारी उजाडताच तो बसला. पहिल्या फळीवर पायऱ्यांपुढं त्यानं लोखंडी कुंपण काढलं, टोकं भाल्यासारखी. दुसरीवर बोगनवेल, काट्यांसकट. चर्चमधून सुटलेले लोक पांढऱ्या कपड्यांत येऊ लागले. एका मुलीचं परवा लग्न ठरलं होतं. "पा एबो, एक फळी ठेवा ना, आम्ही दोघं उभे राहतो आणि जातो." त्यानं मान वर केली नाही. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या नातवाला व्हिसा नाही मिळाला रे बाबा, त्याचा एक काढू दे." त्यानं त्या नातवाच्या पायांजवळून ब्रश फिरवला. पोराला मागं सरावं लागलं. म्हातारी काहीच बोलली नाही, आणि पा एबोला वाटलं, हिनं शिवी तरी द्यावी. डावा डोळा पाझरत होता, आणि तो मनाशी एकच घोकत होता: नऊ झाल्या, तीन राहिल्या. दहा झाल्या, दोन राहिल्या. पावणेबाराला बारावी भरली.

तीन वाजता पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. फळ्यांपुढं कोणी नव्हतं. काळ्या काचांच्या नऊ गाड्या, आणि एकाही गाडीची काच खाली झाली नाही.

सोमवारी यंत्र मागच्या बाजूनं आलं. साहेबांनी शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. पा एबोच्या दारावरच्या लाल अक्षरांवर एकानं हिरवी फुली मारली, आणि यंत्र त्याची टपरी वगळून पुढं गेलं. शिंप्याची गेली. सायकलवाल्याची गेली. अराबाची टपरी एका धक्क्यात बसकली, म्हातारी गाय बसावी तशी. मग घरांची पाळी आली. रस्त्यावरून ट्रोट्रो नेहमीसारख्या जात होत्या. फळ्यांमुळं कोणाला काही दिसत नव्हतं, आवाज तेवढा येत होता. पा एबो दारात उभा होता. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. चौफेर धूळ होती, आणि धुळीत एकच टपरी.

अकराच्या सुमाराला अराबा आली. तिनं सणाचं निळं कापड नेसलं होतं, डोक्याला तसाच रुमाल. डोक्यावरचं केंकीचं भांडं तिनं खाली ठेवलं.

"कुमासीला जाते. मुलीकडं."

"कधी?"

"ही पुढची गाडी." ती त्याच्याकडं न बघता रुमाल नीट करत राहिली. "शनिवारी साऱ्या गावाचे फोटो काढलेत. मी चुलीपाशी होते, माझा राहिला. काढा एक, तुमच्या परदेशापुढं. मुलगी विचारेल, आई, तू राहायचीस तिथं आता काय आहे. दाखवायला हवं ना काहीतरी."

"अराबा, मी साहेबांना तुझं विचारणार होतो."

"काढता ना फोटो? गाडी जाईल."

त्यानं कॅमेरा घेतला. दोघं फळ्यांना वळसा घालून रस्त्यावर आले. ती पहिल्या फळीपुढं उभी राहिली आणि कुंपणाचे भाले तिच्या छातीवर आले. दुसरीपुढं काटे. तिसरीपुढं रॉटरडॅमचा पूल, आणि पुलावर जायच्या वाटेवर पुन्हा काटे. ती सरकत गेली, तो मागोमाग. बारावीपर्यंत दोघं गेले. त्यानं एकही सोडली नव्हती.

"थोडं डावीकडं," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही, उजवीकडं."

अराबा उजवीकडं सरकली. कुमासीची गाडी लांब वळणावर दिसू लागली होती.

"पा एबो, सांगा ना, कुठं उभी राहू?"

तो डोळा कॅमेऱ्याला लावून तसाच उभा राहिला.